गोल ट्राममध्ये कोणी हरवत नाही

दामू गेल्याची बातमी मला रविवारी सकाळी पावणेदहाला कळली, तेव्हा मी त्याच्याकडेच जायला निघालो होतो आणि उजव्या पायात बूट चढवून डावा शोधत होतो. गेली चाळीस वर्षं हर्नडनमधल्या माझ्या घरापासून त्याच्या घरापर्यंत मी रविवारी दहा वाजता चालत जात असे. बाराशे चाळीस पावलं; रस्त्यावर बर्फ असेल तर तेराशेच्या थोडी पुढे. तिथे गेल्यावर चहा, आणि बारा वाजेपर्यंत भांडण. विषयाला महत्त्व नसे. आदल्या रविवारी कोथिंबीर फ्रिजमध्ये ओल्या फडक्यात ठेवावी की कोरड्या, यावर आम्ही पावणेदोन तास वाद घातला होता आणि तो मी जिंकला होता. त्यामुळे फोनवर शालिनीवहिनींचा आवाज ऐकला, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की हरल्याच्या रागाने दामूने आजची बैठक बायकोकरवी रद्द केली. "नानाभाऊजी, आज जरा लवकर येता का?" त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "त्याला सांगा, कोथिंबिरीचं मी सोडून देतो." तेव्हा त्यांनी काय झालं ते दोन शब्दांत सांगितलं. मग मी डावा बूट न शोधताच निघालो. चपला घालून निघालो असं नंतर कोणी सांगितलं, तेही चूक आहे. एका पायात बूट होता.

दामोदर गोळे हा माझा साठ-पासष्ट वर्षांचा मित्र. सांगलीला इंजिनियरिंगच्या वर्गात आम्ही एका बाकावर बसलो, पुढे मागेपुढे अमेरिकेत आलो आणि व्हर्जिनियात एकाच काउंटीच्या नोकरीत लागलो. तो पाणीखात्यात, मी सर्व्हेअर, म्हणजे जमीन मोजणारा. मी ज्या माणसाला शहाणा म्हणतो असा तो एकटाच होता, आणि हे मी त्याला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्याने त्यावरही वाद घातला असता.

त्याच्या श्रद्धांजली सभेला हॉल भरला होता. लोक चांगलं बोलले. परंतु बोलणाऱ्यांपैकी तिघांनी व्हिएन्नाची गोष्ट सांगितली आणि तिघांनीही ती खोटी सांगितली, म्हणून हा लेख लिहिणं मला भाग आहे. त्याची मुलगी मंजिरी इथेच जन्मली, रिचमंडला वकिली करते. ती म्हणाली, "नाना काका गॉट लॉस्ट इन व्हिएन्ना, लाइक, दोन तास! आणि बाबा स्वतःचा पेपर सोडून त्यांना शोधायला गेले. दॅट वॉज माय डॅड." दामूचा भाचा निखिल बॉथेलहून आला होता. त्याने दोनाचे चार तास केले. "तेव्हा सेलफोन नव्हते यार, मामाने पायी अख्खं शहर सर्च केलं!" आणि अल्फारेटाचे साठे, जे त्या वेळी व्हिएन्नाच काय, अमेरिकेतही नव्हते, त्यांनी सहा तास, हिमवादळ आणि एक घोडागाडी घातली, त्या घोडागाडीत मी रडत बसलेला सापडलो म्हणे. सगळा हॉल हसला. शोकसभेत हसू फुटलं याचं मला वाईट वाटलं नाही, दामूला ते आवडलंच असतं. पण मी दुरुस्ती करायला उभा राहिलो तेव्हा मंजिरीने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "काका, नॉट टुडे." मी बसलो. आता तो दिवस उलटून पाच आठवडे झाले आहेत.

तेव्हा आधी ठोक दुरुस्त्या. हिमवादळ नव्हतं, रस्त्याच्या कडेला टाच बुडेल एवढा, दोन दिवसांपूर्वीचा बर्फ होता. मी घोडागाडीत बसलो नाही. घोड्याचा आणि माझा संबंध एवढाच, की त्याने माझ्याकडे पाहिलं. आणि मी हरवलो नव्हतो. ज्याने आयुष्यभर लोकांच्या जमिनीच्या हद्दी ठरवल्या, ज्याच्या नकाशावर दोन शेजारी कोर्टात न जाता घरी गेले, तो माणूस एखाद्या शहरात हरवला असं म्हणणं हा त्या माणसाचा तर अपमान आहेच, शहराचाही आहे. बाकी जे घडलं ते मी मला ज्या क्रमाने कळलं त्याच क्रमाने सांगणार आहे. वाचकांनी मध्येच शेवटाकडे उडी मारू नये.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. कडाक्याच्या थंडीत जमिनीखालचे पाण्याचे नळ फुटतात. ते नेमके कुठे फुटतील हे आधीच सांगण्याची एक रीत दामूने शोधून काढली होती. कुठली जमीन किती खोलपर्यंत गोठते याची त्याने बरीच वर्षं टिपणं ठेवली होती, आणि त्यांतली निम्मी मोजणी, हे नम्रपणे नव्हे तर स्पष्टपणे सांगतो, मी खड्ड्यांत उतरून केली होती. कोणाला तरी ही रीत पसंत पडली आणि व्हिएन्नाला जानेवारीत भरणाऱ्या परिषदेचं बोलावणं आलं. बारा मिनिटांचा पेपर. दामूने जन्मात कधी व्यासपीठावर पाय ठेवला नव्हता; काउंटीच्या बैठकीत नाव पुकारलं तरी त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होत. वहिनींना इस्पितळाच्या लॅबमधून रजा मिळेना. "नानाभाऊजी, तुम्ही जा यांच्याबरोबर," त्या म्हणाल्या, "नाहीतर हे विमानतळावरून परत येतील." मी गेलो. माझा खर्च, माझी रजा. मी तेव्हाही एकटा होतो, आजही आहे, आणि त्याबद्दल मला कोणाचं मत नको आहे.

वहिनींनी आम्हा दोघांसाठी एकाच तपकिरी लोकरीच्या दोन कानटोप्या विणून दिल्या आणि परिषद ऐन संक्रांतीत येत होती म्हणून स्टीलचा डबा भरून तिळाचे लाडू दिले. "तिथल्या साहेबांना वाटा," असं बजावून दिले. दामूने वॉशिंग्टनच्या डलस विमानतळावर, जिथे अंगाला घाम येत होता, तिथेच कानटोपी चढवली आणि परत येईपर्यंत काढली नाही. मी माझी बॅगेच्या तळाशी घातली. मी फेल्टची हॅट नेली होती. युरोपात कानटोपी घालून हिंडणारा माणूस स्वतःबरोबर देशाचीही शोभा करतो, असं मी त्याला विमानात समजावलं. तो म्हणाला, "देशाला कान नाहीत, मला आहेत."

परिषद सुरू झाली आणि मी शहर पाहायला मोकळा झालो. व्हिएन्नाच्या जुन्या वस्तीभोवती एक रुंद रस्ता कड्यासारखा फिरतो. पूर्वी तिथे तट होता, तो पाडून रस्ता केला. पहिल्याच दिवशी मी तो रस्ता पावलांनी मोजला. सहा हजार आणि वर काही पावलं. वरचा आकडा माझ्या वहीत आहे, ज्याला पाहिजे त्याने येऊन बघावा. दुसऱ्या दिवशी मोठ्या चर्चच्या मनोऱ्यावर चढलो. गोल गोल पायऱ्या, मधे कुठेही टेकायला जागा नाही, आणि वर पोचल्यावर एका जपानी गृहस्थाने मला त्याचा फोटो काढायला सांगितला. तिथून सबंध शहर खाली पसरलेलं दिसलं, छपरांवर बर्फ, मधूनमधून हिरवे घुमट, आणि कडेने तो रस्ता. त्या क्षणापासून त्या शहरात मी हरवणं अशक्य झालं. माझ्या डोक्यात नकाशा तयार होता. कान मात्र दुखत होते, हे मान्य करतो. हॅटला कान झाकता येत नाहीत. दर अर्ध्या तासाने मी एखाद्या कॉफीच्या दुकानात शिरे. तिथली दुकानं म्हणजे दिवाणखानेच. लाकडी दांडीला झेंड्यासारखं अडकवलेलं वर्तमानपत्र देतात, कॉफीबरोबर चांदीच्या तबकात पाण्याचा पेला येतो आणि काळ्या कोटातला वेटर आपल्याकडे असा बघतो की आपणच उठून त्याला काही आणून द्यावं. मी जर्मन वर्तमानपत्र तासभर उघडून बसे. कळत काहीच नसे, पण कान गरम होत.

तिसरा दिवस संक्रांतीचा, आणि दामूच्या पेपरचाही. साडेअकराची वेळ. सकाळी आमच्या लॉजच्या जेवणघरात न्याहारीला बसलो होतो. मालकीणबाईंनी माझ्यापुढे उकडलेलं अंडं एका इवल्या पेल्यात उभं करून ठेवलं होतं आणि दामू, जो शाकाहारी, ब्रेडला जाम लावत होता आणि खात नव्हता. प्रोजेक्टरवर दाखवायचे पारदर्शक कागद त्याने खिडकीशी धरून शेवटचे एकदा तपासायला काढले. तिसरा कागद उजेडात आला तेव्हा मी अंडं बाजूला ठेवलं.

"हा आकडा कसला?"

"जमीन किती खोल गोठली ते. लीसबर्गच्या रस्त्याचा खड्डा."

"पॉइंट सहा?"

"हो."

"दामू, त्या खड्ड्यात मी उतरलो होतो. माझ्या वहीत दोन आहे. दोन!"

"दोन होतं का?" त्याच्या हातातला ब्रेड खाली आला.

"म्हणजे माझी वही खोटं बोलते?"

"तसं नाही रे... पण मग बाकीचेही आकडे..."

"बाकीचेही असेच असणार. बघ ना, सगळेच लहान आहेत. तिसरा हिस्साही नाही. तू हे काय केलंस? तिथे पंचवीस देशांचे लोक बसलेत, हसतील तुला."

माझा वाचायचा चष्मा वर खोलीत होता आणि तीन जिने चढून तो आणायची मला गरज वाटली नाही. आकडा ठळक होता. मी खिशातलं लाल शाईचं पेन काढलं आणि त्या पॉइंट सहाभोवती गोल केला. मित्राचं कर्तव्य म्हणून केला. दामूने कागद पाकिटात घातला, कानटोपी सारखी केली, लाडवांचा डबा बगलेत घेतला आणि तो गेला. जाताना तो माझ्याशी भांडला नाही. याचं मला तेव्हाच आश्चर्य वाटायला हवं होतं.

त्या दिवशी शून्याखाली आठ होतं. चालणं शक्य नव्हतं म्हणून मी दिवसभराचं तिकीट काढून एक नंबरच्या ट्राममध्ये बसलो. त्या काळी एक नंबरची ट्राम त्या कडेच्या रस्त्यावरून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे गोल फिरे आणि दोन नंबरची उलट दिशेने. अर्ध्या तासात एक प्रदक्षिणा. आत ऊब, बाहेर शहर, आणि उतरायचं कारण नाही. मी साठ्यांना आणि त्यांच्यासारख्या सर्वांना जाहीर विचारतो: जी ट्राम दर अर्ध्या तासाने माणसाला निघाल्या जागी आणून सोडते, तिच्यात माणूस हरवणार कसा?

अकराच्या सुमाराला, पार्लमेंटच्या खांबांसमोर, समोरून दोन नंबरची ट्राम आली आणि तिच्या खिडकीत मला तपकिरी कानटोपी दिसली. व्हिएन्नात तशी कानटोपी दुसरी नव्हती. दुसरी माझ्या बॅगेत होती. दामू मांडीवर डबा धरून, सरळ समोर बघत बसला होता. मला वाटलं, याला वेळ आहे, जरा हिंडून घेतोय. चौदा-पंधरा मिनिटांनी, शहराच्या बागेपाशी, कानटोपी पुन्हा समोरून आली. आता सव्वाअकरा होऊन गेले होते. मी काचेवर थापटलं. त्याने मला पाहिलं... आणि मान वळवली. तेव्हा मी उठलो. पुढच्या स्टॉपवर उतरलो, रस्ता ओलांडला आणि त्याला गाठायला दोन नंबरची ट्राम पकडली. इकडे, हे नंतर कळलं, मान वळवल्याची त्याला लाज वाटली. तोही पुढच्या स्टॉपवर उतरला आणि मला गाठायला त्याने एक नंबरची पकडली. परिणामी पुन्हा आम्ही समोरासमोर. त्याने हाताने खूण केली, "तू थांब, मी येतो." मी खूण केली, "तू थांब, मी येतो." दोघांनीही आयुष्यात पहिल्यांदा एकमेकांचं ऐकलं आणि दोघेही आपापल्या ट्राममध्ये थांबलो. माझ्या शेजारी एक म्हातारी बाई मांडीवर कुत्रा घेऊन बसली होती. तिने हे सगळं पाहिलं होतं. तिने काहीतरी लांबलचक जर्मन वाक्य बोलून माझ्या हॅटवर टिचकी मारली. कुत्राही माझ्याकडे बघत होता.

शेवटी ऑपेराच्या इमारतीपाशी दोन्ही ट्राम एकाच वेळी थांबल्या आणि आम्ही दोघेही उतरलो. तो रस्त्याच्या त्या बाजूला, मी या बाजूला. मधे लाल सिग्नल. रस्त्यावर एकही गाडी नव्हती, परंतु व्हिएन्नाचे लोक सिग्नल लाल असताना रिकामा रस्तासुद्धा ओलांडत नाहीत. दोन्ही कडांना वीस-वीस माणसं निमूट उभी होती. मग आम्हीही उभे राहिलो. समोरच्या घड्याळात बारा वाजायला दहा कमी होते. त्याच्या पेपरची बारा मिनिटं येऊन गेली होती, आणि आम्ही दोघं सांगलीचे इंजिनियर एका मोकळ्या रस्त्याच्या दोन बाजूंना एकमेकांकडे बघत उभे होतो.

सिग्नल हिरवा झाला. तो माझ्याजवळ आला, ओव्हरकोटाच्या खिशातून माझी कानटोपी काढली आणि म्हणाला, "आधी कान झाक." माझ्या बॅगेतून त्याने ती सकाळीच काढून घेतली होती. मी हॅट काढली आणि कानटोपी घातली. मग विचारलं, "पेपर?"

"तू हरवलास असं वाटलं मला."

"मी? गोल ट्राममध्ये?"

"मग हरवलास असं समज, नाना." त्याचा आवाज नळाला हवा लागल्यासारखा येत होता. "मी त्यांना तसंच सांगणार आहे. आज संक्रांत आहे. आजच्या दिवस भांडू नकोस."

मी भांडलो नाही. त्याच्या साऱ्या टिपणांचं त्या दिवशी मातेरं झालं होतं, व्यासपीठाच्या पायरीवरून तो पळून आला होता, आणि त्याला लोकांसमोर धरायला एक सबब हवी होती. ती सबब म्हणून मी उभा राहिलो. आम्ही जवळच्या कॉफीच्या दुकानात गेलो. दामूने डबा उघडून वेटरला एक लाडू दिला. त्या गृहस्थाने तो दोन बोटांत धरून उजेडात पाहिला, आत नेला, चांदीच्या तबकात बशी, बशीत लाडू, शेजारी काटा-सुरी आणि पाण्याचा पेला अशा थाटात परत आणून आमच्यापुढेच ठेवला आणि वाकून निघून गेला. दामू इतका हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. पाणी थांबायला मात्र हसण्यापेक्षा जास्त वेळ लागला. मी वर्तमानपत्राच्या दांडीकडे बघत बसलो.

दुपारी त्याने परिषदेच्या अध्यक्षांना सांगितलं, की मित्र हरवला होता. अध्यक्ष सज्जन होते. हळहळले, म्हणाले, आता वेळ देता येत नाही, पण निबंध पाठवा, आम्ही ग्रंथात छापू. दामू म्हणाला, त्यात दुरुस्ती आहे. दुसऱ्या दिवशी परिषदेच्या कचेरीतल्या एका दयाळू मुलीने लॉजचा पत्ता टाइप केलेली चिठ्ठी माझ्या कोटाला टाचणीने लावून दिली. मी ती लावून घेतली. माझं वय तेव्हा सेहेचाळीस होतं आणि मी एका काउंटीचा सीनियर सर्व्हेअर होतो.

त्यानंतर दामूने तो निबंध पाठवला नाही, पुन्हा कधी कुठल्या परिषदेला गेला नाही, आणि निवृत्त होईपर्यंत पाणीखात्यात फुटलेले नळ जोडत राहिला. काही वर्षांनी कॅनडातल्या कोणीतरी तशीच रीत छापली. तो अंक दामूने रविवारी माझ्यापुढे ठेवला. "बघ, केलं कोणीतरी शेवटी," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता. मी मनात म्हटलं, त्या माणसाचे आकडे बरोबर असणार. आणि इकडे माझ्या हरवण्याची गोष्ट बारशात, डोहाळेजेवणात, गणपतीत, मुलांच्या ग्रॅज्युएशनला सांगितली जाऊ लागली. दामू ती रंगवून सांगे. पाहुणे माझ्याकडे वळून विचारत, "नाना, आज घर सापडलं का?" मी गप्प बसे. मित्राची पळपुटी बारा मिनिटं झाकण्यासाठी मी माझी अब्रू देऊन टाकली आहे, असं मी मानत होतो, आणि त्याचा मला अभिमान होता. फार अभिमान होता, हेही लिहून ठेवतो.

सभेनंतरच्या रविवारी मी नेहमीप्रमाणे दहा वाजता गेलो. वहिनींनी चहा ठेवला. मी त्यांना सरळ म्हणालो, "वहिनी, इतकी वर्षं गप्प राहिलो. आता साठ्यांनी मला घोडागाडीत बसवलंय. दामूची माफी मागून खरं काय ते मला लिहायचंय. तुमची परवानगी हवी."

वहिनी आत गेल्या आणि एक खाकी पाकीट घेऊन आल्या. त्यात ते पारदर्शक कागद होते. "चष्मा आहे ना?" त्यांनी विचारलं. होता.

मी तिसरा कागद खिडकीशी धरला. माझा लाल गोल तसाच होता. शाई जरा उडाली होती. रकान्याच्या माथ्यावर, बारीक अक्षरांत, मीटर असं लिहिलेलं होतं. पाकिटाच्या तळाशी काउंटीतल्या टायपिस्टबाईंची चिठ्ठी होती, की परिषदेच्या नियमाप्रमाणे सर्व आकडे फुटांचे मीटर करून दिले आहेत. पॉइंट सहा मीटर म्हणजे दोन फूट. माझ्या वहीतले दोन आणि त्याच्या कागदावरचे पॉइंट सहा हे एकाच खड्ड्याचं एकच माप होतं. सांगलीला आम्ही फुटांत शिकलो, देशाने मीटर घेतला तोवर अमेरिकेला आलो, आणि इथे पुन्हा फुटांतच जगलो. मीटर हे माप आम्हा दोघांच्याही डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. पण मी बोललो मोठ्याने, आणि तो घाबरला. एवढाच फरक. कागदाच्या कोपऱ्यात दामूच्या अक्षरात दोन ओळी होत्या: "फूट आणि मीटर. नाना चुकला. त्याला सांगायचं नाही."

"हे कधीचं?" मी विचारलं.

"परतीच्या विमानातलं. तुम्ही शेजारी झोपला होता म्हणे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"घरी आल्या आल्या सांगितलं त्यांनी."

"मग मला का नाही सांगितलं? एक शब्द? मी त्या अध्यक्षांना पत्र लिहिलं असतं, मी स्वतः..."

"मी हेच म्हटलं होतं, भाऊजी. निबंध तरी पाठवा म्हटलं. तर म्हणाले, पाठवला आणि छापून आला तर नाना वाचणार. त्याला कळणार. नाना आधी वाद घालेल. मग वाद हरेल. आणि हरला की तोंड दाखवायचा नाही, मी ओळखतो त्याला. मग रविवारी मी भांडू कोणाशी?" वहिनींनी माझ्यापुढे कप सरकवला. "आणि हरवल्याची गोष्ट ते मुद्दाम रंगवायचे. म्हणायचे, लोक त्याला हसतात तोवर कोणी तिसरा कागद मागत नाही."

मीही मला ओळखतो. तेव्हा, त्या महिन्यात हे कळलं असतं तर मी त्या घराची पायरी चढलो नसतो, हे खरं आहे. दामूने बारा मिनिटं आणि एक छापील नाव सोडलं आणि त्या बदल्यात दोन हजार रविवार घेतले. हा व्यवहार शहाणपणाचा होता की वेडेपणाचा, यावर आम्हा दोघांचं नक्की भांडण झालं असतं आणि या वेळी मी हरायला तयार होतो. सांगायला मात्र तो नाही...

"लिहा तुम्ही," वहिनी निघताना म्हणाल्या, "पण मंजूला तिची गोष्ट राहू द्या." मंजिरीला मराठी वाचता येत नाही, त्यामुळे या लेखापासून ती सुरक्षित आहे. कुठेतरी कागदावर खरं असावं, आणि ती रीत दामोदर गोळे याने सर्वांच्या आधी शोधली होती व त्याचे आकडे बरोबर होते हे छापलं जावं, एवढ्यासाठी हे लिहिलं. तोंडी मात्र दामूचीच गोष्ट चालावी. ती त्याने माझ्यासाठी केलेली आहे.

पाकीट वहिनींनी मलाच दिलं. तिसरा कागद मी स्वयंपाकघराच्या खिडकीला चिकटवला आहे. सकाळी ऊन आलं की चहाच्या कपाशेजारी टेबलावर एक फिकट लाल गोल उमटतो आणि सरकत सरकत साडेदहाला बशीवर येतो. बॅगेच्या तळाची कानटोपीही मी शोधून काढली. या हिवाळ्यात घालतो आहे. वहिनींकडे रविवारी जाताना कान अजिबात दुखत नाहीत, आणि ओलं फडकंच बरोबर असं त्यांचं म्हणणं असल्यामुळे कोथिंबिरीचा प्रश्न पुन्हा उघडला आहे.

गेल्या आठवड्यात मंजिरीचा फोन आला. वडिलांच्या आठवणींची एक छोटी पुस्तिका ती करते आहे, इंग्रजीत. म्हणाली, "काका, आय नो यू हेट धिस स्टोरी. पण मला फॅक्ट्स करेक्ट हव्यात. निखिल म्हणतो चार तास, मला वाटतं दोन. साठे काका सिक्स म्हणतात, विच इज क्रेझी. खरं सांगा, किती वेळ हरवला होतात तुम्ही?"

मी खिडकीतल्या कागदाकडे पाहिलं.

"सहा तास," मी म्हणालो. "आणि मंजू, हिमवादळ होतं. तेही लिही."